कुंदाची भिंत

कुंदाच्या भावाचा, जनूदादाचा, फोन आला तेव्हा मी टेमघरच्या नाक्यावर एका रिक्षावाल्याशी भांडत होते. भांडण नेहमीचंच. चौथं सीट भरल्याशिवाय तो हलत नव्हता आणि मी खाली उतरत नव्हते. फोनवर आधी नुसता श्वास ऐकू आला, मग आवाज. "बाई... कुंदा गेली. सकाली उठलीच न्हाय." रिक्षावाला अजून हातवारे करून हिंदीत काहीतरी पटवत होता. मी त्याला एवढंच म्हटलं, "नारपोली चलो." माझा चेहरा बघून त्यानं चौथ्या माणसाचा नाद सोडला आणि रिक्षा हाकली. वाटभर माझ्या डोक्यात एकच गोष्ट फिरत होती. कुंदानं जाताना सुद्धा कुणाला त्रास दिला नाही. झोपेतच गेली. ना दवाखाना, ना धावाधाव, ना कुणाला जागवणं. पोचले तर तिथं सगळे म्हणत होते, पुण्यवान हो. मला मात्र तिचा भयंकर राग आला होता आणि रडू येण्याआधी तो राग आला, हे मी इथं स्पष्टच सांगते.

त्याला आता काही आठवडे झाले. मध्यंतरी या पुरवणीकडून निरोप आला, की कुंदाताईंवर लिहा, आणि मुख्य म्हणजे त्यांच्या त्या सुंदर स्टुडिओवर लिहा. एका मासिकात त्या खोलीचा मोठा फोटो छापून आला होता. पांढरीशुभ्र भिंत, काचेचं दार, कोपऱ्यात झाड, मध्ये स्टुलावर बसलेली कुंदा. कलाकार कसल्या जागेत राहतात, काम करतात, यावर त्या मासिकाची लेखमाला होती. तो फोटो पुष्कळांच्या लक्षात आहे. "किती प्रसन्न जागा!" असं मला आजही भेटणारे लोक म्हणतात. मी मान डोलावते. त्या प्रसन्न जागेत कुंदानं एकही चित्र काढलं नाही. हे कुणाला, विशेषतः तिच्या भावाला, सांगायचं नाही असा तिनं माझ्याकडून शब्द घेतला होता. तेव्हा काय लिहावं हा प्रश्नच होता.

कुंदा आणि मी एका शाळेत होतो. मी मराठी शिकवायची, ती चित्रकला. ती रुजू झाली त्या दिवशी मुख्याध्यापकांनी तिला चित्रकलेचा वर्ग म्हणून जिन्याखालची खोली दाखवली. तिथं मोडकी बाकं, जुने नकाशे आणि उंदीर यांची वस्ती होती. मी तिथल्या तिथे तोंड सोडलं. ही काय खोली झाली, उजेड कुठे आहे, मुलं बसणार कुठे... कुंदा माझ्या मागे उभी राहून हळूच म्हणाली, "असू दे हो." नंतर 'असू दे गं' झालं, पण शब्द तोच राहिला. मधल्या सुट्टीत तिचा डबा कुणी संपवला, असू दे. तिची रजा दुसऱ्याच बाईंना दिली, असू दे. मी तिला म्हणायची, "तुझ्या कपाळावर पाटी लाव एकदा, असू दे म्हणून. बोलायचा तरी त्रास वाचेल." ती हसायची. पण महिन्याभरानं त्या जिन्याखालच्या खोलीत गेले तर मागून काळा पडलेला एक जुना नकाशा तिनं उलटा करून भिंतीला ठोकला होता आणि मुलं त्यावर खडूनं, बोटांनी, ओल्या फडक्यानं वाटेल ते काढत होती. कागदच नव्हते म्हणून, असं ती म्हणाली. तिला स्वतःलाही कागदावर काढता येत नसे, हे मला पुढे कळलं. कागद समोर आला की ती शाळेतल्या मुलीसारखी नीटनेटकी होऊन जायची आणि चित्र मरून जायचं.

तिचे वडील गेले तेव्हाची गोष्ट. घराणं इथलंच, भातशेतीचं आणि खाडीचं. रस्ता रुंद झाला, गोदामं आली, आणि ज्या जमिनीत गुडघाभर चिखल असायचा तिला एकदम भाव आला. अशा वेळी आमच्या भागात बहिणी भावाच्या नावे हक्कसोड करून देतात. कुणी बळजबरी करत नाही आणि कुणी नाहीही म्हणत नाही. कुंदानंही सही दिली. मी चिडले तेव्हा म्हणाली, "अगं, आमच्याकडे बहीण सही देते आणि भाऊ माहेर देतो. माझं तर लग्नही नाही झालं. मला तर माहेर जास्तच लागणार." जनूदादानं ते माहेर मनापासून दिलं, यात शंका नाही. तिच्यापेक्षा तो पाच-सहा वर्षांनी मोठा. आडदांड, मोठ्या आवाजाचा, गळ्यात चेन, आणि बहिणीचं नाव निघालं की एकदम मऊ. नारपोलीतल्या त्याच्या लूमच्या, म्हणजे यंत्रमागाच्या, कारखान्यात मागच्या अंगाला एक मोकळी जागा होती. पूर्वी तिथं सुताची पोती ठेवत. कुंदानं लवकर निवृत्ती घेतली आणि ती जागा मागितली. एवढी एकच गोष्ट तिनं आयुष्यात तोंडानं मागितली असावी.

मी पहिल्यांदा तिथं गेले तेव्हा डोक्याला हात लावला. मधे भिंत नाही, दार नाही. इकडे लूमची खटाखट, जमीन हादरतेय, हवेत रुईची धूळ, आणि त्या सगळ्याच्या टोकाला ही बाई साडीचा पदर खोचून उभी. बोलायचं तर कानाशी तोंड नेऊन ओरडावं लागे. "इथं तुला सुचतं तरी कसं?" मी ओरडले. ती माझ्या कानात ओरडली, "इथं कुणी काही विचारत नाही!" तिची काम करायची रीत मी तिथं पाहिली. मागची भिंत म्हणजे एक प्रकरणच होतं. अर्धी चुन्याची, अर्धी सिमेंटची, खाली तेलाचे डाग, वर कारागिरांनी कधीकाळी खडूनं मांडलेल्या खुणा, मधे पावसाच्या पाण्याचा ओघळ. कुंदा सकाळी चहाचा ग्लास घेऊन त्या भिंतीसमोर उभी राहायची. पुष्कळ वेळ नुसती उभी. मग एखाद्या डागापाशी जाऊन फडक्यानं, ब्रशनं, कधी तळहातानं रंग लावायची. डागातून पाठ निघायची, पाठीतून वाकलेली बाई, बाईच्या पायाशी खाडीचं पाणी. भिंतीवर जमलं की शेजारी खिळ्यांना जनूदादाच्याच लूमवरचं कोरं कापड ताणायची आणि त्यावर चित्र सुरू करायची. ते झालं की भिंतीवरच्या चित्रावरच पुढचं. पुसायचं नाही, धुवायचं नाही. कालचं चित्र आजच्या खालून डोकावत राहायचं आणि त्या डोकावण्यातून उद्याचं निघायचं. तिची सगळी चित्रं अशी एकमेकांच्या अंगाखांद्यावर वाढलेली होती.

कारागिरांना तिचा फार लळा. इद्रिस नावाचा उत्तरेकडचा एक वयस्क कारागीर होता, तो शिफ्ट सुटली की हात पुसत भिंतीपाशी यायचा. एकदा माझ्यासमोर त्यानं तक्रारीच्या सुरात विचारलं, "दीदी, कल तो यहाँ भैंस थी. आज किधर गई?" कुंदानं गंभीर चेहऱ्यानं सांगितलं, "अंदर है. बैठी है." तोही तितक्याच गंभीरपणे मान हलवून गेला. त्या दोघांना एकमेकांचं जितकं कळायचं तितकं शहरातल्या प्रदर्शनाला आलेल्या जाणकारांना कळलं असेल असं मला वाटत नाही. अर्थात मलाही कळायचं नाही. मी नुसती तिच्याकडे बघत बसायचे. शाळेत सगळ्यांसमोर अंग चोरून वावरणारी माझी मैत्रीण तिथं दोन्ही हात पसरून काम करायची. कोपरापर्यंत रंग, कपाळावर रंग. इथं ती 'असू दे' म्हणत नसे. रंग मनासारखा लागला नाही तर चक्क शिवी हासडायची, आणि लूमच्या आवाजात ती फक्त मला दिसायची, ऐकू यायची नाही.

मग दोन प्रदर्शनं झाली, चार लोकांत नाव झालं. त्याच सुमारास तिच्या डोळ्यांत मोतीबिंदू वाढला. ऑपरेशन ठाण्याला करून घेतलं. डॉक्टरांनी बजावलं, धुळीत अजिबात जायचं नाही. म्हणून ती माझ्याकडे टेमघरला राहायला आली. काळा चष्मा लावून खिडकीशी बसायची आणि माझी मुलं-सुना, शेजारणी, भाजीवाला, सगळ्यांचे आवाज ऐकत राहायची. त्या दिवसांतच मासिकवाल्यांनी फोटोसाठी येणार म्हणून कळवलं. निरोप कारखान्याच्या नंबरवर गेला, म्हणजे जनूदादाकडे. रोज संध्याकाळी त्याचा फोन यायचा. डोळा कसा हाय, औषध घातलंस का, आणि शेवटी, "घाई करू नको, तुझी जागा कुठं पलून जात न्हाय." आवाजात नुसता आनंद. आम्हाला वाटलं, बहिणीचं बरं होतंय म्हणून खूश आहे.

तिला पोचवायला मी बरोबर गेले होते. कारखान्याच्या दारात रांगोळी. जनूदादाची बायको आरतीचं ताट घेऊन उभी. सगळे कारागीर लूम बंद करून रांगेत. दोन्ही बाजूंना झेंडूच्या माळा आणि मधे लाल रिबीन. आत जिथं मोकळी जागा होती तिथं आता काचेचं दार होतं. दारापलीकडे पांढऱ्या लाद्या, पांढरं छत, गार हवा, दिवे... आणि समोर भिंत. दुधासारखी पांढरी, गुळगुळीत, एक ठिपका नाही. जनूदादा कात्री पुढे करत म्हणाला, "काप. तुझ्या डोल्यांना आता धूल लागायची न्हाय. सगला आतून घासून, पुट्टी मारून, एक नंबरचा रंग दिलाय. धुता येतो. काय पन डाग पडू दे, ओला फडका मारला की साफ!" त्यानं खरोखर तळवा भिंतीवर आपटून दाखवला. कुंदानं रिबीन कापली. नारळ फोडला. आत जाऊन ती भिंतीपाशी उभी राहिली आणि तिनं भिंतीला हात लावला. आंधळा माणूस समोरच्याच्या तोंडावरून हात फिरवतो ना, तसा. मग वळून तिनं भावाला सांगितलं, "बेस केलास रे दादा." जनूदादाच्या डोळ्यांत पाणी आलं. तिच्या डोळ्यांत यायला बंदी होती, ऑपरेशन ताजं होतं.

एवढं प्रेम मी जन्मात पाहिलं नाही, आणि एवढा घातही. इथल्या घरात पाहुणे येणार म्हटलं की पहिला हात भिंतीला लागतो. लग्न असो, मुलगी बघायला येणार असो, आधी रंग. बहिणीला मान मिळाला, लोक फोटो काढायला येणार, मग तिची जागा तशी कळकट कशी ठेवायची? तिच्या जागी दुसरी कुणी असती तर आनंदानं नाचली असती. मासिकवाले आले. त्यांना जागा फार आवडली. कुंदाला त्यांनी स्टुलावर बसवलं, हातात कोरा ब्रश दिला आणि हसा म्हणाले. ती हसली. तो फोटो तुम्ही पाहिला आहे.

पुढचे काही महिने मी फोन केला की ती म्हणायची, चाललंय. एक दिवस न कळवता गेले. काचेच्या दाराला आतून पडदा लावलेला. ढकलून आत गेले तर कुंदा दिव्याखाली बसून ब्लाउजला हूक लावत होती. समोर ताणलेलं कोरं कापड. ब्रश धुऊन, वाळवून, ओळीनं ठेवलेले. मी काही विचारायच्या आत तिनं उठून दार लावून घेतलं. मी म्हटलं, "किती दिवस?" ती म्हणाली, "फोटो काढला तेव्हापासून." रोज दहाच्या सुमाराला ती त्या खोलीत यायची, पडदा ओढायची, दुपारी जनूदादा जेवणाचा डबा आणून द्यायचा, संध्याकाळी ती हात धुऊन घरी जायची. हाताला काही लागलेलं नसताना हात धुवायची. मी म्हटलं, "अगं मग या भिंतीवर काढ. पुन्हा सुरू कर." तेही करून झालं होतं. त्या रंगावर काही धरतच नव्हतं, ओघळून खाली यायचं. एकदा कोळशानं कशीबशी एक रेघ जमली, जराशी पुढे सरकली. दुसऱ्या दिवशी बघते तर भिंत स्वच्छ. वहिनी कौतुकानं म्हणाल्या, "ताई, कायतरी डाग पडला होता, मी पुसून काढला."

त्या दिवशी आमचं कडाक्याचं भांडण झालं. म्हणजे मी भांडले. मी म्हटलं, आत्ताच्या आत्ता बाहेर जा आणि त्याला सांग, नाहीतर मी सांगते. कुंदा माझा हात धरून बसली. "विमल, तो येणाऱ्या-जाणाऱ्याला ही खोली दाखवतो. माझ्या बहिणीची खोली म्हणतो. त्याला कळलं ना, की त्यानं काय केलं, तर तो पुन्हा या दारातून आत येणार नाही. आणि माझ्याशी डोळा वर करून बोलणार नाही. मला भिंत गेली, आता भाऊ पण घालवू?" मी म्हटलं, "आणि तुझं काम?" त्यावर ती काय म्हणाली असेल हे मी सांगायला नको. मी तिला शब्द दिला. दुसरी जागा बघूया म्हटलं, निजामपुऱ्यात एक पोटमाळा मोकळा होता, तोही दाखवला. पण भावानं एवढी खोली बांधून दिल्यावर बहीण दुसरीकडे जाते म्हणजे चार लोक काय बोलतील... ती गेली नाही. दोन वर्षं ती त्या गार, पांढऱ्या खोलीत रोज हजेरी लावत राहिली. त्या दोन वर्षांत ती बारीक होत गेली. मी विचारलं की म्हणायची, वय झालं. साठीला अजून अवकाश होता तिच्या.

ती गेल्यावर मी ठरवलं होतं, की शब्द आहे तर आहे, हे माझ्याबरोबर जाईल. पण तेरावं झालं आणि जनूदादाचा फोन आला. लोकांनी त्याच्या मनात घातलं होतं, की त्या खोलीचं कुंदाच्या नावानं कलादालन करावं. नवं प्रदर्शन तिथंच भरवावं, शेवटच्या चित्रांचं. तो म्हणाला, "बाई, शेवटची दोन वर्सं तिनं काढलं ते कायच सापडत न्हाय. कपाट बघला, वरचा माला बघला. तुमच्याकडं ठेवलंय का तिनं?" त्याच्या मागे लूमचा आवाज येत होता. मी म्हटलं, "मी येते उद्या." त्या रात्री मी एक चांगलं खोटं तयार केलं. कुंदानं सगळी चित्रं कुणा-कुणाला भेट देऊन टाकली, तिला नाव नको होतं. तिच्या स्वभावाला धरून होतं ते. कुणालाही पटलं असतं.

दुसऱ्या दिवशी कारखान्यात शिरले. इद्रिसनं लूमवरूनच मला हात केला आणि काचेच्या दाराकडे मान हलवली. दार सताड उघडं होतं, एसी बंद, रुईची धूळ बिनदिक्कत आत येत होती. आत जनूदादा बनियनवर, उकिडवा, भिंतीपाशी. त्याच्या हातात पत्र्याचं खरवडणं होतं. परातीएवढी जागा त्यानं खरवडून काढली होती आणि लाद्यांवर पांढरा चुरा पडला होता. चेन काढून ठेवलेली. मला बघून तो उठला नाही. मी तरीही माझं खोटं सुरू केलं. काय सांगणार, पाठच करून गेले होते. "जनूदादा, तिनं ती चित्रं लोकांना..." त्यानं मान हलवली.

"नको, बाई. वास यायचा न्हाय." मला कळेना. तो भिंतीकडे बघूनच बोलत राहिला. "पयलं ती काम करायची तवा सगल्या कारखान्यात तिच्या रंगाचा वास. टर्पेन्टाइनचा. कापडाला पन लागायचा, व्यापारी कटकट करायचे. ह्ये दार लावल्यापासून मी डबा घेऊन यायचो तं आत नुसता फिनेलचा वास. दोन वर्सं, बाई. मी रोज इचारायचो, काम चाललंय ना? ती बोलायची, चाललंय. मना कलत होता."

"मग विचारलं का नाही तिला नीट?" माझा आवाज चढला. माझा चढतोच.

"इचारलं आसतं तं ती खरं बोलली आसती," तो म्हणाला. "मंग मी काय केलं आसतं? हक्कसोडीला तिनं सही दिली तवा मी मनात बोललो, हिला एक खोली आशी देईन का लोक बघत राहतील. तीच तर दिली. दुसरं काय व्हतं माझ्याकडं तिला द्यायला?" फोनवर माझ्याकडे चित्रं मागितली ती तरी कशासाठी, असं मी विचारलं. तेव्हा त्याचा चेहरा कसनुसा झाला. "मना वाटला, आसंल एखादं. मी नसताना काढलं आसंल. तुमच्याकडं लपवून ठेवलं आसंल..."

मी खाली बसले. लाद्यांवर, त्या चुऱ्यात. खरवडलेल्या जागी काय निघालंय ते बघितलं. फारसं काही नाही. पुट्टी मारायच्या आधी रंगाऱ्यांनी भिंत घासून काढली होती, सगळी, मन लावून. जिथं भिंतीला खड्डे होते तेवढ्या खड्ड्यांत रंग उरला होता. नखाएवढा निळा, थोडी माती, एक तिरपी तांबडी रेघ. ती कशाची होती, कुठल्या पाठीची, कुठल्या पाण्याची, हे सांगायला आता कुणी नाही. आणि खरवडणं जरा जोरानं लागलं की तेवढाही रंग पुट्टीबरोबर सुटून येत होता. जनूदादाला ते दिसत होतं. तरी त्याचा हात थांबत नव्हता. मी म्हटलं, "पुरे करा. उरलंय तेही जाईल." तो म्हणाला, "मना एकदा बघू दे, बाई. मी काय पुसलं ते तरी बघू दे." म्हातारा माणूस तो, ढसाढसा रडत खरवडत होता. पलीकडे लूम चालू होत्या म्हणून कुणाला ऐकू गेलं नाही.

निघताना मी त्याला सांगितलं, की पेपरवाल्यांनी लेख मागितलाय, आणि खोलीचा तो फोटोही छापायचा म्हणतात. मी नाही म्हणून कळवते. त्यानं खरवडणं खाली ठेवलं. "न्हाय म्हनू नका. लिवा. मी काय केलं ते लिवा, तिनं काय केलं ते पन लिवा. दोगं बी गप बसलो, दोन वर्सं, त्ये लिवा. एकदा जरी बोंबलली आसती ना, बाई... एक शिवी घातली आसती, तं मी त्याच दिवशी भिंतीला हात घातला आसता." मग त्यानं पुन्हा खरवडणं उचललं. आता बहुतेक अर्धी भिंत झाली असेल. कलादालनाचं नाव आता कुणी काढत नाही.

म्हणून हे लिहिलं. कुंदा, तुला दिलेला शब्द मी मोडला आहे, आणि तोही छापून, चारचौघांत, तुझ्या भावाचं नाव घालून. आता 'असू दे' म्हणू नकोस. रागाव माझ्यावर. एकदा तरी रागाव गं.